कौलारू घरातील गळती: पाणी नेमके कोठून शिरते, हे कसे शोधावे

प्रश्नाचा सारांश असा. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, जांभ्याच्या भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे वडिलोपार्जित घर आहे. घराची मागील बाजू पश्चिमेला असून तेथील जुनी पडवी पाडून स्लॅबचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधले आहे. नंतर मधल्या खोलीला पीव्हीसी पट्ट्यांचे सीलिंग केले. आता पावसाळ्यात त्या सीलिंगच्या जवळजवळ मधोमध पाणी ठिबकते. ते काही पावसांत येते, काही पावसांत थेंबही पडत नाही, आणि पाऊस उघडल्यावरही तासभर ठिबक चालू राहते. गवंड्याने दोन वेळा कौले बदलली आणि आढ्यावर सिमेंट भरले, तरी फरक पडला नाही. सगळ्या छपरावर पत्रा घालावा काय, असे आपण विचारले आहे.

पत्र्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या वर्णनावरून मला कौलांपेक्षा जुने छप्पर आणि नवीन बांधकाम यांच्या सांध्याचा संशय अधिक येतो. आणि तसे असेल, तर पत्रा घातला तरी तोही त्याच भिंतीपाशी येऊन संपणार, म्हणजे खर्च होऊन गळती जागच्या जागी राहणार. मात्र हा अजून संशयच आहे. पाणी आत शिरताना प्रत्यक्ष दिसल्याशिवाय छपरावर सिमेंट, डांबर किंवा रसायन यांपैकी काहीही लावू नये, असा माझा आग्रह असतो. त्याचे कारण व्यावहारिक आहे: चुकीच्या जागी केलेले लिंपण पाण्याची वाट अडवते, पाणी दुसरीकडून वाट काढते आणि मूळ माग पुसला जातो. दोन दुरुस्त्या होऊन गेलेल्या छपराचा शोध घेणे हे अस्पर्श छपराच्या शोधापेक्षा दुप्पट कठीण असते, ते यामुळेच.

कौलारू छपरात पाणी जेथे पडते त्याच्या डोक्यावर भोक असेलच असे नाही, आणि बहुतेक वेळा ते नसतेच. कौलाच्या फटीतून आलेला थेंब प्रथम रिपेवर, म्हणजे कौले जिच्यावर अडकवतात त्या आडव्या पट्टीवर येतो. रीप आडवी असल्यामुळे तो तिच्यावरून वाशापर्यंत, म्हणजे आढ्यापासून उताराने खाली येणाऱ्या लाकडापर्यंत सरकतो, तेथे वाशाच्या खालच्या अंगाला चिकटतो आणि उताराने खाली निघतो. वासा गुळगुळीत असेल तर आठ-दहा फुटांपर्यंत थेंब सुटत नाही. मग कोठेतरी एखादी गाठ, रंधा न लागलेला खडबडीत भाग, किंवा पूर्वी कंदील टांगण्यासाठी मारलेला गंजका खिळा आडवा येतो. थेंब त्या खिळ्याच्या टोकावर जमतो, फुगतो आणि खाली पडतो. त्या खिळ्याभोवती लाकडावर काळपट-तांबूस वलय दिसते, म्हणून घरातील माणसे बोट दाखवून तेथेच गळते असे सांगतात आणि गवंडी बरोबर त्याच्या वरची कौले बदलतो. आपल्या घरात तर खाली सीलिंग आहे. पीव्हीसी पट्ट्यांना आधार देणारी लोखंडी चौकट भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत जाते आणि मध्ये वजनाने किंचित झुकलेली असते. भिंतीपाशी शिरलेले पाणी त्या चौकटीच्या पन्हळीतून मध्यावर येऊन पडू शकते. म्हणून सीलिंगच्या मधोमध पडलेल्या डागाला पुरावा म्हणून फारसे मोल नाही.

त्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती वेळेवरून मिळते. एक वही करावी आणि तीत चार गोष्टी लिहाव्यात: पाऊस केव्हा सुरू झाला, ठिबक केव्हा सुरू झाली, वारा कोणत्या बाजूचा होता, आणि पाऊस थांबल्यावर ठिबक किती वेळ चालली. आपल्या भागात यासाठी निसर्गच सोय करून देतो, कारण वर्षभरात तीन-चार वेगळ्या स्वभावाचे पाऊस पडतात. एप्रिल-मेमधील वळीव गडगडाटासह, थोडा वेळ, पण दांडगा आणि कोणत्याही दिशेच्या वाऱ्याने येतो. मृगाचा पाऊस थांबून थांबून पडतो. तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, या दोन नक्षत्रांत घाटाकडून पश्चिमेचा वारा घेऊन दिवसरात्र झड लागते. जी गळती वळवाच्या अर्ध्या तासाच्या सरीत येते पण शांत झडीत येत नाही, तिचा संबंध पाण्याच्या जोराशी असतो; एवढे पाणी एकदम वाहून न्यायला कोठेतरी वाट अपुरी पडते. जी केवळ पश्चिमेचा वारा असतानाच येते, ती उभ्या भिंतीच्या सांध्यातून किंवा कौलांच्या बगलेच्या फटींतून येते. आणि जी दोन-तीन दिवसांच्या झडीनंतरच दिसू लागते, ती बहुधा गळती नसून भिंतीत मुरलेली ओल असते. जांभा पाणी पितो, आणि पश्चिमेच्या उघड्या भिंतीला गवताचे ताटवे किंवा अलीकडे प्लास्टिक बांधण्याची जी चाल आपल्याकडे आहे, ती त्यासाठीच. ती चाल सोडून नुसता रंग लावणाऱ्यांच्या भिंती आतून फुगतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पाऊस थांबल्यानंतरचा वेळही बोलका असतो. फुटक्या कौलाची ठिबक पाऊस थांबताच पाच-दहा मिनिटांत बंद होते, कारण उतारावर पाणी थांबतच नाही. तासभर ठिबक चालू राहिली, तर कोठेतरी पाणी साठते आहे, असे समजावे. ते पन्हळात, स्लॅबवर, भिंतीच्या माथ्यावरील भरावात किंवा सीलिंगवर साठलेले असू शकते. आपल्या बाबतीत अडचण अशी की सीलिंगवरच तांब्या-दोन तांबे पाणी साठून राहू शकते, त्यामुळे तासाभराच्या ठिबकीवरून आत्ताच निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून पहिले काम सीलिंग उघडण्याचे.

ज्या भागात ठिबकते तेथील आणि मागील भिंतीलगतच्या अशा मिळून पाच-सहा पट्ट्या काढाव्यात. त्यापूर्वी त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य बटणावरून बंद करावा. सीलिंगमधील दिव्यांच्या तारांचे जोड बहुधा नुसती पट्टी गुंडाळून केलेले असतात आणि ओल्या लोखंडी चौकटीला वीज उतरण्याचा धोका खरा असतो. दिवसा, दारे-खिडक्या लावून, वर डोके घालून पाहावे. कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसतील. ते पाहून घाबरू नये. मंगळुरी कौले एकमेकांत अडकवलेली असतात, चिकटवलेली नसतात. त्यांच्या जोडांतून तिरका उजेड येणे स्वाभाविक आहे आणि हवा खेळण्यासाठी आवश्यकही आहे. उलट खऱ्या गळतीच्या जागी उजेड दिसेलच असेही नाही. उजेडापेक्षा लाकूड पाहावे. ताजी ओल गडद दिसते आणि हाताला गार लागते. जुन्या ओलीच्या कडेला पांढरट किंवा तपकिरी रेघ उरते. आणि वाळवीचे मातीचे पाट जेथे आहेत तेथे ओल बराच काळ टिकून असण्याची शक्यता धरावी.

नंतर पावसाची वाट पाहायची. वाशांच्या बाजूंवर आणि भिंतीच्या माथ्यावर रांगोळीची कोरडी पूड किंवा चाळलेली राख पातळ भुरभुरावी, आणि उरलेल्या सीलिंगच्या पाठीवर वर्तमानपत्राची पाने पसरावीत. एक सर येऊन गेली की पुडीत पाण्याचा माग रेघेसारखा उमटतो आणि कागदावर थेंबांचे डाग पडतात. त्या रेघेचे वरचे टोक खडूने खूण करून ठेवावे आणि वहीतील नोंदीपुढे खुणेचा क्रमांक लिहावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु त्यानंतर कोणत्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या कोणत्या उतरत्या बाजूवर, आणि कोणत्या उंचीवर शोधायचे, हा प्रश्न उरत नाही.

आता कौलांविषयी, कारण ती पूर्ण निर्दोष आहेत असेही मी म्हणत नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 मध्ये मंगळूरच्या जेप्पू येथे कारखाना काढल्यापासून ही कौले आपल्याकडे रुळली आणि पुढे अनेक कारखान्यांनी ती काढली. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक आहे. कौल उलटे करून पाहिले तर पाठीवर कारखान्याचे नाव किंवा छाप सापडतो. आपल्या गवंड्याने दोन वेळा बदललेली कौले जुन्यांच्याच छापाची होती काय, हे अवश्य तपासावे. दोन छापांची कौले शेजारी बसवली तर बगलेची खाच आणि तिच्यावर बसणारी कड यांत एक-दोन सुतांचा फरक राहतो. कौल बसल्यासारखे दिसते, पण एक कोपरा उचललेला असतो आणि वाऱ्याचे पाणी तेथून आत येते. म्हणजे गळती थांबवण्यासाठी घातलेले नवे कौलच गळतीचे कारण होते. आपल्या भागात जुनी घरे उतरवली जातात तेव्हा त्यांची कौले विकत मिळतात. त्यांतून छाप जुळवून शंभरेक कौले राखीव घेऊन ठेवणे नव्या, न जुळणाऱ्या कौलांपेक्षा केव्हाही बरे. घेताना बोटाच्या सांध्याने वाजवून पाहावे. चांगले कौल खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते.

याशिवाय बगलेच्या खाचेत माती आणि शेवाळ साचून तिचे पाणी बाहेर उतू जाणे, वानरांच्या उड्यांनी कौल खाली सरकून वरच्या कौलाची दाब कमी पडणे, आणि रीप कुजून कौलाचे नाक (रिपेवर अडकणारा खालचा उंचवटा) सुटणे, हे नेहमीचे दोष आहेत. रिपा बदलताना सुताराने अंतर चुकवले असेल तर तेही पाहावे. आढ्यावर भरलेल्या सिमेंटबद्दल मात्र माझे मत चांगले नाही. लाकडी छप्पर पावसात फुगते आणि उन्हात आकसते, तर घट्ट सिमेंटला हलता येत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला केसासारखी चीर जाते आणि ती चीर पाणी ओढून घेते. आढ्याची कौले चुन्यात, थोडी सुरखी (विटांची पूड) मिसळून बसवावीत आणि मसाला कौलाच्या कडेच्या आत अर्धा इंच राहील इतकाच भरावा. कडेबाहेर लिंपून घोटलेला मसाला दिसायला नीट दिसतो, परंतु कौलाखालचे पाणी आत ओढण्याचे काम तोच करतो.

एवढे सांगून मागील भिंतीकडे वळतो. जुनी पडवी होती तेव्हा मागच्या पाख्याचे पाणी पडवीवरून थेट परसात पागोळ्यांनी पडत होते. आता त्याच पाख्याच्या पायथ्याशी नवीन स्वयंपाकघराची उंच भिंत उभी आहे, म्हणजे पाण्याची वाट अडली आहे, आणि ते पाणी भिंत व कौले यांच्यामधील पत्र्याच्या पन्हळातून बाजूला न्यावे लागते. असे पन्हळ आपल्याकडे असणारच. नसेल आणि गवंड्याने नुसता सिमेंटचा उतार घोटला असेल, तर शोध तेथेच संपला.

त्या पन्हळावर किती भार येतो, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मागचे पाखे 40 चौरस मीटरचे धरले आणि तासाला 50 मिलिमीटरच्या वेगाने सर आली, तर त्या एका पन्हळातून तासाला 2,000 लिटर पाणी जायला हवे. घाटमाथ्यालगत असा वेग काही नवलाचा नाही. पन्हळ चार-पाच इंच रुंद असेल, त्याला उतार नसेल आणि तोंडाशी फणसाची दोन पाने आडवी बसली असतील, तर पाणी तुंबते आणि ज्या कडेची उंची कमी तिकडून उतू जाते. ती कड बहुधा आतली, म्हणजे कौलांखालची असते. तेथून पाणी जुन्या भिंतीच्या माथ्यावर येते, मातीच्या भरावात मुरते, सीलिंगची चौकट जेथे भिंतीत ठोकली आहे तेथे पोहोचते आणि खोलीच्या मध्याकडे निघते. जोराच्या सरीत येणारी, संथ पावसात न येणारी आणि पाऊस थांबल्यावर तासभर रेंगाळणारी गळती या वर्णनात चपखल बसते.

दुसरी शक्यता भिंतीच्या अंगाची आहे. पन्हळाच्या पत्र्याची वरची कड भिंतीला नुसती टेकवून तिच्यावर सिमेंट मारलेले असेल, तर ते सिमेंट पत्र्यापासून सुटते, कारण पत्रा उन्हाने लांब-आखूड होतो. मग भिंतीवरून ओघळणारे पाणी पत्र्याच्या पुढून न जाता मागून उतरते. अर्थात आपली मागील बाजू पश्चिमेला असल्यामुळे वाऱ्याचा पाऊस नवीन बांधकामाच्या बाहेरच्या भिंतीवर आपटतो, या सांध्यावर थेट येत नाही. म्हणून पन्हळ उतू जाण्याचा संशय मी पहिला धरतो आणि हा दुसरा. वहीतील नोंदी आल्या की हा क्रम बदलूही शकतो. पश्चिमेच्या वाऱ्याशी गळतीचा स्पष्ट मेळ बसत असेल तर पूर्वेच्या पाख्यावरची शोधाशोध पूर्ण सोडून द्यावी, आणि जोरदार सरीशी मेळ बसत असेल तर वाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

स्लॅबचे म्हणाल तर त्याची तपासणी लगेच उरकते. पाण्याच्या निकासाचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करून स्लॅबवर दोन इंच पाणी एक दिवस साठवावे आणि कठड्याच्या मुळाशी असलेली गोलाई, पाइपाचे तोंड आणि जुन्या-नव्या भिंतींचा जोड यांखालून ओल येते काय ते पाहावे. कोरड्या दिवशी केलेल्या या परीक्षेत मधली खोली कोरडी राहिली, तर स्लॅब निर्दोष ठरतो.

वहीवरून आणि पुडीवरून जागा ठरली की उघडीप मिळालेल्या दिवशी नळीने पाणी सोडून खात्री करावी. एक माणूस वर, एक माणूस आत टॉर्च घेऊन, आणि दोघांत हाक पोहोचेल अशी व्यवस्था असावी. सुरुवात नेहमी सर्वांत खालच्या भागापासून करावी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहत येते आणि कोणत्या सांध्याने दगा दिला ते कळत नाही. प्रथम पन्हळात पाणी सोडावे, तेही दोन प्रकारे: आधी तोंड मोकळे ठेवून, नंतर तोंड अडवून, मुद्दाम तुंबवून. तुंबवल्यावर आत पाणी आले आणि मोकळे असताना आले नाही, तर निदान झाले. त्यानंतर भिंतीच्या कडेवर, मग कौलांच्या खालच्या दोन ओळींवर, मग क्रमाने वर. प्रत्येक ठिकाणी किमान पंधरा मिनिटे थांबावे, कारण कोरड्या लाकडातून आणि भरावातून पाणी उतरायला वेळ लागतो. घाईने नळी पुढे नेली तर मागच्या जागेचा दोष पुढच्या जागेच्या माथी बसतो. नळी वरून खाली, पाऊस पडतो तशी धरावी. कौलांच्या फटींत खालून वर फवारा मारला तर जगातील कोणतेही छप्पर गळेल.

छपरावर चढताना शेवाळलेल्या कौलांवर पाय देऊ नये. शिडी पाख्यावर आडवी टाकून, तिच्याखाली पोती घालून, वासे असतील त्या रेषेवरच भार द्यावा आणि कंबरेला दोर बांधून तो पलीकडच्या बाजूच्या तुळईला किंवा झाडाला बांधावा. विजेच्या खांबावरून घरात येणारी तार छपराजवळून जात असेल तर ऍल्युमिनियमची शिडी वापरू नये.

पन्हळच दोषी ठरले, तर दुरुस्ती करताना ते किमान नऊ इंच रुंद आणि सहा इंच खोल घ्यावे, दर दहा फुटांना एक इंच उतार द्यावा, आणि दोन्ही टोकांना आतल्या कडेपेक्षा दोन इंच खाली एक जादा तोंड ठेवावे, म्हणजे पाने अडकून तुंबले तरी पाणी घरात न येता बाहेर पडेल आणि बाहेर पडताना दिसेल. कौलांची खालची ओळ पन्हळावर दोन-अडीच इंच पुढे यावी. पत्र्याची आतली कड कौलांखाली सहा इंच वर चढवून रिपेवर वळवावी. भिंतीकडील कडेसाठी भिंतीत एक इंच खोल आडवी खाच मारून तीत स्वतंत्र पत्र्याची पट्टी बसवावी आणि ती पन्हळाच्या कडेवर मोकळी लोंबती ठेवावी. दोन्ही पत्रे एकमेकांना खिळू नयेत, म्हणजे उन्हात प्रत्येकाला आपापले हलता येईल. खाच लवचीक सीलंटने भरावी. ऍल्युमिनियमचा पत्रा ओल्या सिमेंटमध्ये गाडू नये, सिमेंट तो खाऊन टाकते.

हे काम पावसाळा संपल्यावर, लाकूड वाळल्यानंतरच करावे. तोपर्यंत ताडपत्रीने वेळ निभावून न्यावी लागेल. मात्र लोक गळणाऱ्या जागेपुरती ताडपत्री टाकून वर विटा ठेवतात, तसे करू नये, कारण वरून येणारे पाणी तिच्या खालून जाते आणि विटांनी कौले फुटतात. ताडपत्रीची वरची कड आढे ओलांडून पलीकडच्या पाख्यावर दोन-तीन फूट उतरवावी, खालची कड पन्हळाच्या आत सोडावी, आणि दोन्ही टोकांना वाळूने भरलेली पोती दोराने जोडून आढ्यावरून दोन्ही बाजूंना लोंबती ठेवावीत. पन्हळाचे तोंड झड चालू असेपर्यंत दररोज हाताने मोकळे करावे.